बेटावरही सभा असतेच

ताई, नमस्कार.

माझं वय ४३. राहतो कोथरूडला, नोकरी हिंजवडीत. दिवसाचे तीन तास गाडीत जातात, रात्री अमेरिकेचे कॉल. गेली दोन वर्षं डोक्यात एकच विचार आहे: सगळं सोडून एखाद्या दूरच्या बेटावर जाऊन साधं, जुन्या वळणाचं आयुष्य जगायचं. दक्षिण अटलांटिकमध्ये त्रिस्तान दा कुन्हा नावाचं बेट आहे. त्याचे व्हिडिओ इतके पाहिलेत की तिथली घरं पाठ झालीत. बटाटे लावायचे, मासे धरायचे, मेंढ्या पाळायच्या, अंधार पडला की झोपायचं. ज्वालामुखीमुळे त्या लोकांना इंग्लंडला नेलं होतं, तर मोटारी, टीव्ही सगळं सोडून ते परत गेले. यातच सगळं आलं! मला इथे माणसांचा उबग आलाय. सोसायटीचा ग्रुप म्यूट केलाय, सभेला जाणं कधीच सोडलं. दोन तास नुसतं पार्किंग आणि पाण्याचा टँकर. फ्लॅट विकला तर कर्ज फिटून बरी रक्कम हातात राहील. मुलगी अकरा वर्षांची आहे. बायको भोर तालुक्यातल्या खेड्यातली (मेव्हणा अजून तिथे भातशेती करतो), पण आता पक्की पुणेकर झालीये. तिला हे सांगितलं तर म्हणाली, "तू जा, मी डबा कुरिअरने पाठवते." तिला कसं समजावू?

बेटवेडा, कोथरूड


श्री. बेटवेडे यांस,

पत्नीला कसं समजवायचं ते मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात कमीत कमी शब्दांत सगळ्यात मुद्द्याचं कोण बोललं असेल तर त्याच, आणि त्यांच्याकडे मी जरा उशिरा येणार आहे. आधी बेटाचं बघू.

त्रिस्तानला तुम्हाला कोणी ठेवून घेणार नाही, हे एकदाचं सांगून टाकते. बेटावर अडीचशेही माणसं नाहीत. जमीन सगळ्यांची सामाईक आहे. बाहेरच्याला ती विकत मिळत नाही आणि तिथे कायमचं राहताही येत नाही. नुसतं बघायला जायचं म्हटलं तरी बेटाच्या कौन्सिलची परवानगी आधी लागते. विमानतळ नाही. केप टाउनपासून सुमारे २,८०० किलोमीटर, बोटीने आठवडाभर, त्याही वर्षाकाठी मोजक्या फेऱ्या. आणि पोचल्यावर समुद्र खवळलेला असला तर बेट समोर दिसत असताना बोटीतच बसून राहायचं. कोथरूडच्या फ्लॅटची जी काही किंमत येईल तिचा तिथे उपयोग नाही, याचं मला, खरं सांगायचं तर, थोडं बरंच वाटलं.

पॅसिफिकमधलं पिटकेर्न बेट मात्र माणसांच्या शोधात आहे. जेमतेम पन्नास लोक उरलेत. रीतसर अर्ज मंजूर झाला तर घर बांधायला जागाही देतात. तरी अर्ज करणारे फारसे नाहीत. तुम्हाला मुलगी आहे म्हणून सांगते, याच बेटावर २००४ मध्ये सात पुरुषांवर लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांचे खटले चालले आणि त्यातले सहा दोषी ठरले. काही प्रकरणं कित्येक दशकं जुनी होती. तेव्हापासून तिथे बरंच काही बदललंय. पण "छोट्या जागी सगळे एकमेकांना ओळखतात, म्हणून मूल सुरक्षित" हा जो आपला भाबडा हिशोब असतो तो मी त्या दिवसापासून करत नाही. जिथे तक्रार करायची तर ती आरोपीच्या भावाकडेच करावी लागेल, तिथे ओळखीचं ओझंच होतं.

लक्षद्वीपचंही मनात आलं असेल. तिथे जायला आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो आणि बाहेरच्यांना जमीन घेता येत नाही. शिवाय ३६ बेटांपैकी वस्ती फक्त दहांवर. २०११ च्या जनगणनेत तिथे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं निघाली. त्याच जनगणनेत पुणे जिल्ह्याचा आकडा सहाशेच्या आसपास होता. म्हणजे माणसांचा उबग आला म्हणून तुम्ही पुणे जिल्ह्याच्या तिप्पट दाटीत जाऊन राहणार. आणि पाणी? प्रवाळाच्या बेटांवर पावसाचं गोडं पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं. पंप लावून जास्त उपसलं की विहिरी खाऱ्या होतात. म्हणून तर कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प उभारावा लागला. शेजाऱ्याने किती पाणी ओढलं याकडे तिथे डोळ्यात तेल घालून बघावं लागतं, कारण त्याची चूक तुमच्या विहिरीत उतरते. तुमच्या सोसायटीत निदान टँकर तरी येतो.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येते: ते परत गेले, "यातच सगळं आलं". यात बरंच आलं, हे कबूल. पण तुम्ही त्यातून काढलंत ते नव्हे.

१९६१ हे साल जुन्या पुणेकरांच्या वेगळ्या कारणाने लक्षात आहे. १२ जुलैला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्रिस्तानच्या वस्तीला लागूनच ज्वालामुखी फुटला आणि सगळ्या २६४ माणसांना बेटावरून काढून अखेर इंग्लंडला नेण्यात आलं. इंग्लंडात त्यांना हवाई दलाच्या रिकाम्या वसाहतीत घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या. थंडीतापाच्या आजारांची सवय नसलेली काही म्हातारी माणसं तिथेच वारली. डिसेंबर १९६२ मध्ये मतदान झालं: परत जायचं म्हणणारे १४८, नको म्हणणारे ५. १९६३ मध्ये बहुतेक सगळे परतले.

हे लोक साधेपणासाठी परत गेले असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, ते एकमेकांसाठी गेले. सहकारनगर, गोखलेनगरात नवी घरं मिळालेली आपल्याकडची पूरग्रस्त माणसंसुद्धा घराला नावं ठेवत नसत. नळ घरात होता, संडास स्वतःचा होता. तरी तक्रार असायची ती ही, की हाक मारली तर कोण येणार? आणि त्रिस्तानकर परतल्यावर जुन्या काळात जाऊन बसले असंही नाही. त्यांना नीट बंदर हवं होतं. ते बांधलं, आणि इंग्लंडातल्या ज्या वसाहतीत दिवस काढले तिचं, कॅलशॉटचं, नाव त्याला दिलं. आज बेटाची कमाई मुख्यतः लॉबस्टरच्या निर्यातीवर आहे. दुकान आहे, शाळा आहे, इस्पितळ आहे, इंटरनेटही आहे. मतदानानंतर परत गेलेल्यांपैकी काही जण तर पुढे पुन्हा इंग्लंडला जाऊन राहिले. हे तुमच्या व्हिडिओत नसणार.

मला त्या बेटाचं सगळ्यात आवडलं ते वेगळंच. १८१७ मध्ये पहिल्या रहिवाशांनी एक करार लिहून काढला: सामान आणि जनावरं सगळ्यांची सारखी, आणि कोणी कोणाच्या वर नाही. आजही एका घराने किती जनावरं ठेवायची याला मर्यादा आहे. चराऊ रान पुरलं पाहिजे हे एक कारण, आणि एकाच घराने गब्बर होऊन बसू नये हे दुसरं. बटाट्याची शेतं वस्तीपासून तीन-एक किलोमीटरवर आहेत, घरोघरचे वाफे दगडी गडग्यांनी वेगळे केलेले. बटाट्याचं तिथे एवढं चालायचं की १९४६ मध्ये बेटासाठी टपाल तिकिटाचा जो नमुना काढला होता त्यावर किंमतच बटाट्यांत होती: एका पेनीला चार बटाटे. (ते तिकीट सरकारने चालू दिलं नाही. सरकारं सगळीकडे सारखीच.)

आता मला सांगा, घरात किती मेंढ्या ठेवायच्या हे दुसऱ्या कोणी ठरवलेलं तुम्हाला चालेल? पार्किंगच्या पट्ट्यांवरून तुम्ही सभा सोडलीत!

सभेवरून सेंट किल्डा आठवलं. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, भर समुद्रात, उभ्या कड्यांचा द्वीपसमूह आहे. तिथली माणसं शतकानुशतकं समुद्रपक्ष्यांवर जगली: मांस खायचं, तेल दिव्याला, पिसं जमीनमालकाचा खंड फेडायला. दोर बांधून कड्यावरून खाली उतरायचं आणि पक्षी धरायचे. तर तिथे रोज सकाळी सगळे पुरुष गावातल्या एकुलत्या एका रस्त्यावर जमायचे आणि आज कोणतं काम करायचं ते बोलून ठरवायचे. रोज! रविवारी काय ती सुट्टी. अध्यक्ष नाही, अजेंडा नाही, सगळे एकदम बोलणार. कधी कधी वाद इतका लांबायचा की दिवस त्यातच जायचा. बायकांना तिथे स्थान नव्हतं. त्यांना डोंगरापलीकडच्या दरीतून दूध काढून आणायचं असे, जात्यावर दळायचं असे. होड्या गावाच्या. धरलेले पक्षी घरोघर वाटले जायचे, ज्या घरात कड्यावर उतरणारा कोणी उरला नाही त्या घरालाही वाटा मिळायचा.

हा वाटा मिळतो म्हणूनच सकाळच्या सभेला जावं लागतं. जुनं आयुष्य असं एका गठ्ठ्यात येतं. त्यातला निवांतपणा घेतला आणि माणसं परत केली, असं होत नाही. सेंट किल्डा शेवटी रिकामं झालं ते वादळाने नाही की दुष्काळाने नाही. तरणी माणसं एकेक करून निघून गेली आणि होडी वल्हवायला, मेंढ्या राखायला हातच पुरेनात. उरलेल्या ३६ जणांनी स्वतः सरकारला अर्ज केला की आम्हाला इथून न्या, आणि २९ ऑगस्ट १९३० ला ते बेट सोडून गेले. ज्या घरात धडधाकट माणसं होती ती घरंसुद्धा एकटी राहू शकली नाहीत. तुम्ही तिघंच जाणार आहात, आणि त्यातल्या एकीने डबा पाठवायचं कबूल करून आधीच नकार कळवलाय.

तुमची दमछाक खोटी आहे असं मला म्हणायचं नाही. हिंजवडीचा रस्ता आणि वर रात्रीचे कॉल, यात माणूस माणसाला कंटाळणारच. पण त्याचा इलाज तुलनेने किरकोळ आहे आणि म्हणून तुम्हाला तो सुचलेला नाही. रात्रीचे कॉल आठवड्यातून दोनच घेईन असं वरिष्ठांना सांगा. नाहीच जमलं तर पगार थोडा कमी असलेली, घराजवळची नोकरी शोधा. फ्लॅट विकून बेटावर जायची तयारी असलेल्या माणसाने पगार कमी व्हायला घाबरू नये. झोप, भूक दोन्ही उडाली असेल तर डॉक्टरांना भेटा. यावर मी जास्त लिहीत नाही.

आता तुमच्या पत्नी.

"भोर तालुक्यातल्या खेड्यातली, पण आता पक्की पुणेकर." हे मी दोनदा वाचलं. दोन वर्षं तुम्ही अटलांटिकमधल्या अनोळखी माणसांचे बटाटे बघताय. आणि नळाचं पाणी, गॅस, पक्का रस्ता हे सगळं यायच्या आधीचं आयुष्य ज्यांनी कदाचित स्वतः काढलंय, निदान आईला काढताना पाहिलंय, त्या रोज रात्री तुमच्या समोर जेवायला बसतात. त्यांना काय काय विचारलंत? पाणी किती लांबून यायचं, आणि कोण आणायचं? पावसाळ्यात गाव तुटायचं का? कोणी रात्री अडलं तर दवाखान्यात कशावरून न्यायचे? चार महिन्यांचं सरपण कधी भरून ठेवायचे? चूल फुंकून आईच्या डोळ्यांचं काय झालं? "मी डबा पाठवते" हा विनोद फुकटचा नाही. ज्यांना साधं आयुष्य माहीत असतं त्यांना डब्याचीच आठवण आधी होते, कारण तो कोणीतरी करावा लागतो. तुमच्या पत्रात बटाटे आहेत, मासे आहेत, मेंढ्या आहेत. मासे साफ कोण करणार, भांडी कशाने घासणार, लोकरीचं काय करणार, याचा उल्लेख नाही. त्रिस्तानच्या बायकांनी ती लोकर पिंजली, कातली आणि त्याचे मोजे विणले. पिढ्यानपिढ्या.

आपल्या घारापुरीचंच घ्या. गेटवेवरून बोटीने तासाभरावर. समोर मुंबईचा झगमगाट, आणि बेटावर संध्याकाळी काही तास जनरेटर चालेल तेवढाच उजेड. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. दिव्याखाली पोरांचा अभ्यास व्हावा, फ्रिजमध्ये मासळी टिकावी, यासाठी माणसं वर्षानुवर्षं वाट बघत होती. त्यांना कंदिलाचं सौंदर्य शिकवायला आपण जाऊ नये.

म्हणून माझं सांगणं असं. फ्लॅट विकायचा विषय वर्षभर काढू नका. व्हिडिओ हवे तर बघा, त्याने काही बिघडत नाही. येत्या जुलैत रजा काढून मेव्हण्याकडे भाताच्या लावणीला जा. आधी पत्नीला विचारा, मग त्यांच्या भावाला. "मदतीला येऊ का" असं विचारा, "अनुभव घ्यायला येतोय" असं म्हणू नका. शेतकरी माणूस तोंडावर काही बोलणार नाही, पण नंतर वर्षभर गावात तुमची नक्कल होईल. शनिवार-रविवार जाऊन चिखलात फोटो काढून येणार असाल तर जाऊच नका. लावणी बऱ्याच ठिकाणी अजून सावडीने चालते: आज तुमच्या मेव्हण्याच्या खाचरात आठ-दहा माणसं येतील, उद्यापासून त्या प्रत्येकाच्या खाचरात तुमच्या घरचं माणूस गेलं पाहिजे. मजूर आले, यंत्रं आली, तरी ही देवाणघेवाण पुरती सुटलेली नाही. तुम्ही पहिल्या दिवशी राबून दुसऱ्या दिवशी निघालात तर मेव्हण्याच्या अंगावर सावड चढवून निघालात. म्हणून सगळी लावणी उरकेपर्यंत थांबा. चिखलणी झालेल्या खाचरात कमरेत वाकून, डोक्यावर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, पावसाची झड चालू, आणि शेजारची साठीतली बाई तुमच्या दुप्पट वेगाने रोपं लावत पुढे निघून गेलेली. तिच्याशी बोला. ती तुमचा पगार विचारेल, फ्लॅटची किंमत विचारेल, एकच मुलगी का हेही विचारेल. त्याचा राग आला, तर बेटाचा विषय तिथेच संपला असं समजा. राग न येता मजा आली, तर मात्र पुढचं बोलण्यासारखं आहे.

मुलीला जबरदस्तीने नेऊ नका. शाळा चालू असेल. शनिवारी आईबरोबर आली तर येऊ दे. आणि तिथे असताना सकाळी चूल पेटवायचं काम तुमच्याकडे घ्या, मेव्हण्याच्या बायकोच्या अंगावर एका पाहुण्याचं जेवण वाढवू नका.

सोसायटीच्या वार्षिक सभेलाही या वर्षी जा. कायद्याप्रमाणे ती सप्टेंबर संपायच्या आत व्हावी लागते, म्हणजे लावणीनंतर तुम्हाला वेळ आहे. टँकरचा विषय निघाला की उठू नका. पाणी वाटून घेण्यावरून भांडणं हे माणसांचं फार जुनं काम आहे, आणि ज्या आयुष्याची तुम्हाला ओढ आहे त्यात ते रोज करावं लागतं. पुढच्या कमिटीत पाण्याचं खातं कोणालाच नको असतं. मागा, लगेच मिळेल.

एवढं सगळं करूनही पुढच्या पावसाळ्यात तुम्हाला पुन्हा गावीच जावंसं वाटलं, आणि पत्नीचीही ना नसली, तर भोरला वर्षातले काही महिने राहायचा विचार दोघांनी मिळून करा. शेतजमीन घ्यायला धावू नका. महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि यातून पळवाट काढून देतो म्हणणारे एजंट तुम्हाला भोरच्या फाट्यावरच भेटतील. त्यांना फ्लॅटच्या पैशांचा वास लांबून येतो. गावात खोली भाड्याने मिळते, तेवढी सध्या पुष्कळ.

आणखी एक. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, हे तुम्हाला माहीत असेलच, नसेल तर तो एजंट सांगेल. तो हक्क तुमच्या पत्नीचा आहे. त्यांनी काय करायचं ते त्या बघतील. तुम्ही मात्र लावणीला गेलेले असताना मेव्हण्यासमोर सातबाऱ्याचा विषय चुकूनही काढू नका.